इंटरमिटंट फास्टिंगमध्ये वजन थांबले, तर उपवासाचे तास वाढवावेत का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यातून मला समजले ते असे. तुमचे वय ४१, उंची १६० सेंटिमीटर आणि सुरुवातीचे वजन ८१ किलो होते. गेले आठ आठवडे तुम्ही रोज १६ तास उपाशी राहता आणि दुपारी १ ते रात्री ९ या वेळेतच खाता. पहिल्या तीन आठवड्यांत वजन ७७ किलोवर आले आणि त्यानंतरचे पाच आठवडे काटा तेथेच आहे. दुपारी तुम्ही मुद्दाम हलके खाता, संध्याकाळी चिडचिड होते, पावणेनऊच्या सुमारास वेळ संपत आल्याच्या धास्तीने घाईघाईत पोटाला तडस लागेपर्यंत खाल्ले जाते आणि मग रात्री झोप मोडत राहते. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. चयापचय मंदावले असल्याने आता २० तासांच्या उपवासावर जावे, असे तुम्हाला कुणी सांगितले आहे. तसे करावे का, आणि सकाळच्या कॉफीत थोडे दूध घातल्याने उपवास मोडतो का, असे तुम्ही विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते: तास वाढवू नका. तुम्ही उपाशी राहण्याचे १६ तास निष्ठेने पाळले आहेत. दुरुस्ती हवी आहे ती उरलेल्या ८ तासांत. आहारतज्ज्ञ म्हणून मी १७ वर्षे काम करते आहे आणि स्वतः सुमारे दीड वर्ष ही पद्धत पाळली आहे, त्यामुळे पुढे जे लिहिते त्यात अभ्यासातून समजलेले आणि अंगावर घेतलेले असे दोन्ही आहे.

सर्वांत आधी त्या गोळीविषयी. वजन उतरू लागले आणि एकूण खाण्याबरोबर मीठही कमी झाले की पुष्कळ जणांचा रक्तदाब आपोआप खाली येतो, आणि आधी योग्य असलेली मात्रा मग जास्त ठरू शकते. बसलेल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो उपवासाचा 'परिणाम दिसू लागला' असे समजू नका. दोन आठवडे रोज ठरावीक वेळी घरी रक्तदाब मोजा आणि ती नोंद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठीही एक गोष्ट येथेच सांगणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची साखर लांबलेल्या उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि एसजीएलटी-२ गटातील औषध घेणाऱ्यांना रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायकरीत्या साचणे, होण्याचा धोका असतो. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज एक दिवसही हा प्रयोग करू नये. गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, आणि ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे अशा व्यक्तींना मी ही पद्धत सुचवत नाही.

आता काट्याकडे वळू. पहिल्या तीन आठवड्यांत उतरलेले ४ किलो ही सगळी चरबी असती तर काय झाले असते, याचा हिशेब करून पाहा. शरीरातील एक किलो चरबी कमी होण्यासाठी ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे ४ किलोंसाठी सुमारे ३०,८०० कॅलरी, आणि २१ दिवसांत ती तूट पडायची तर रोज जवळपास १,४७० कॅलरी कमी खाव्या लागल्या असत्या. फक्त सकाळचा नाश्ता सोडून एवढी तूट पडत नाही. प्रत्यक्षात काय घडते? यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेले असते, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. उपवास सुरू केल्यावर हा साठा काही प्रमाणात उतरतो आणि त्याबरोबर पाणी बाहेर पडते. मीठ कमी झाल्याने आणखी थोडे पाणी जाते. आतड्यांतला ऐवजही कमी होतो. म्हणून तुमच्या ४ किलोंपैकी बराच भाग पाण्याचा होता, असे मानायला आधार आहे. हे सांगून तुमचा हुरूप घालवायचा नाही. ज्या वेगाशी तुलना करून तुम्ही आज निराश झाला आहात, तो चरबी उतरण्याचा वेग कधी नव्हताच, एवढेच मला दाखवायचे आहे.

त्यानंतरचे पाच आठवडे मात्र खरोखर विचार करायला लावणारे आहेत. स्त्रियांमध्ये पाळीच्या चक्रानुसार शरीरातील पाणी वाढते-घटते आणि वजन एखाद-दोन किलो वरखाली होऊ शकते, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आकड्यावरून मी कधीच निष्कर्ष काढत नाही. पण पाच आठवड्यांत एक संपूर्ण चक्र येऊन जाते. एवढा काळ वजन स्थिर असेल, तर खाल्ले जाते तेवढेच खर्च होते आहे, असाच त्याचा अर्थ होतो. चयापचय 'बंद पडले' असे काही यात घडलेले नसते. वजन कमी झाल्यावर शरीराची गरज थोडी कमी होते, हे खरे. त्यापेक्षा सहज नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे हालचाल. उपाशीपोटी माणूस नकळत कमी उठतो, कमी चालतो, जिना टाळतो. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी सडपातळ प्रौढांना सहा आठवडे सकाळी उपाशी ठेवले, तेव्हा नाश्ता करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची शारीरिक हालचाल कमी झालेली आढळली. मी स्वतः पावले मोजत असे; उपवासाच्या पहिल्या दोन महिन्यांत माझी दुपारपूर्वीची पावले जवळजवळ निम्म्यावर आली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

२० तासांचा सल्ला देणाऱ्यांच्या मनात असे असते की १६ तासांनी थोडा फायदा होतो, तर २० तासांनी अधिक व्हावा. माणसांवर झालेले प्रयोग मात्र असे सांगत नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या एका चाचणीत एका गटाने १२ आठवडे फक्त दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत खाल्ले आणि दुसऱ्याने दिवसातून तीन वेळा नेहमीसारखे जेवण घेतले. पहिल्या गटाचे वजन सरासरी एक किलोच्या आतबाहेर उतरले आणि दोन गटांतील फरक लक्षणीय ठरला नाही. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभराची चाचणी झाली. दोन्ही गटांना कॅलरींची सारखीच मर्यादा होती, मात्र एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत खायचे होते. वर्षाअखेर एका गटाचे सरासरी ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो वजन कमी झाले. हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय नव्हता. शिकागोत १०० जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक दिवसाआड उपवास करणाऱ्यांचे वजन रोज थोडे कमी खाणाऱ्यांइतकेच उतरले, पण मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण उपवासाच्या गटात जास्त, म्हणजे ३८ टक्के होते. यावरून मी माझ्यापुरता निष्कर्ष असा काढला आहे की उपवासाचे तास हे एक कुंपण आहे. ज्याला कुंपणामुळे कमी खाणे सोपे जाते, त्याला त्याचा चांगला उपयोग होतो. कुंपणाच्या आत मात्र जे पिकते, त्यावरच वजन ठरते, आणि कुंपण जितके कडक तितके ते ओलांडून जाण्याची ओढही वाढते.

'पेशींच्या सफाईसाठी' म्हणजे ऑटोफॅजीसाठी जास्त तास हवेत, असेही तुमच्या कानांवर आले असेल. ऑटोफॅजी ही खरी आणि महत्त्वाची प्रक्रिया आहे. यीस्टवरील संशोधनातून तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण 'अमुक तासाला सफाई सुरू होते' असे जे तक्ते फिरतात, त्यांच्या भरवशावर स्वतःच्या जेवणाची वेळ ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या ८ तासांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. तुम्ही १ वाजता उपवास सोडता आणि 'एवढे तास टिकलो, आता वाया घालवायचे नाही' या विचाराने हलके खाता. १६ तासांनंतर शरीराला पुरेसे अन्न हवे असते आणि त्याला मिळतो तो केवळ आधार. संध्याकाळी ५-६ वाजता भूक पुन्हा डोके वर काढते. तुम्ही ती मारता, कारण रात्रीचे जेवण अजून व्हायचे असते. पावणेनऊला भूक, दिवसभराचा थकवा आणि घड्याळ हे तिघे एकत्र येतात. अशा वेळी जे अतिखाणे होते, त्याला तुम्ही मनाचा कमकुवतपणा म्हटले आहे. तो शब्द कृपया मागे घ्या. अर्धपोटी दिवसानंतर समोर मुदत उभी केली की बहुतेक माणसे असेच वागतात. मी हे इतक्या जणांत पाहिले आहे की नोंदवहीत दुपारचे ताट हलके दिसले, की रात्रीचे पान उलटण्याआधीच त्यावर काय असेल याचा मला अंदाज येतो.

म्हणून पहिला बदल दुपारच्या ताटात करा. ते दिवसातील सर्वांत भरीव जेवण होऊ द्या. तुमच्या वजनाला दिवसभरात साधारण ८० ते ९० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, आणि ती तीन जेवणांत विभागून, दर वेळी २५ ते ३० ग्रॅम अशी यावीत. कडधान्ये, अंडी, मासे, दही, पनीर यांपैकी तुम्हाला जे चालते ते घ्या. त्याबरोबर भरपूर भाज्या आणि अख्ख्या धान्याचा मध्यम भाग असावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागेल. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ठरवून, बसून, शांतपणे काही तरी खा. तुम्हाला ते 'जास्तीचे' वाटेल; माझ्या अनुभवात तेच खाणे रात्रीचे कितीतरी जास्तीचे खाणे वाचवते.

प्रथिनांवर मी इतका भर देते, याला माझ्या स्वतःच्या चुकीची पार्श्वभूमी आहे. पहिल्या सात महिन्यांत माझे वजन ६ किलोंनी उतरले आणि मी समाधानी होते. मग एके दिवशी लक्षात आले की व्यायामात पूर्वी सहज उचलत होते ते वजन आता मला निम्म्या वेळाही उचलता येत नाही. मी दोन वेळा जेवत होते, दोन्ही वेळा प्रथिने अपुरी होती, आणि ताकदीचा व्यायाम 'उपाशीपोटी दम नाही' म्हणून सोडून दिला होता. चरबीबरोबर स्नायूही गेले होते. वर सांगितलेल्या २०२० च्या चाचणीतही, ज्यांची शरीररचना तपासण्यात आली त्यांच्यापैकी उपवास करणाऱ्यांचे हातापायांचे स्नायुमय वजन लक्षणीय कमी झालेले दिसले. चाळिशीनंतर गेलेले स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते. मला ती ताकद परत यायला जवळपास वर्ष लागले. तुम्ही आठव्या आठवड्यातच आहात, म्हणून हे आग्रहाने सांगते: आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम करा, आणि शक्यतो तो जेवणाच्या वेळांच्या आसपास ठेवा.

दुसरा बदल वेळेचा. रात्री ९ ला भरपेट खाऊन ११ ला आडवे होणाऱ्या व्यक्तीची झोप मोडते, यात नवल नाही. पोट जड असते, काहींना आम्लपित्त वर येते. आणि अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी भूक वाढते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. म्हणून तुमच्यासाठी मी १६ तासांऐवजी १४ तास सुचवते: सकाळी ९ ते संध्याकाळी ७ खाण्याची वेळ, आणि त्यात तीन जेवणे. खाणे दिवसाच्या पहिल्या भागाकडे सरकवण्याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात मधुमेहपूर्व अवस्थेतील ८ पुरुषांनी पाच आठवडे दुपारी ३ च्या आत दिवसाचे सर्व खाणे संपवले, तेव्हा वजन कमी न होताही त्यांची इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला शरीर देते तो प्रतिसाद, आणि रक्तदाब सुधारला. फक्त ८ माणसे, तीही सगळी पुरुष, म्हणून मी त्यावर इमारत उभारणार नाही; पण तुमच्या मोडलेल्या झोपेचा विचार करता हा बदल करून पाहण्यात तोटा दिसत नाही. येथे परिस्थितीचाही प्रश्न येतो. घरातले सर्वजण रात्री साडेआठला एकत्र जेवत असतील आणि ती दिवसातील एकमेव निवांत भेट असेल, तर ती मोडून ७ चा हट्ट धरू नका. साडेआठला त्यांच्याबरोबर हलके जेवा आणि सकाळचे पहिले खाणे साडेदहाला ठेवा. पाळीपाळीने रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेला मी घड्याळाचा नियम पूर्णपणे सोडायला लावला होता. तिच्यासाठी 'झोपण्याआधी तीन तास जड खाणे नाही' एवढेच पुरेसे ठरले.

पहिले दहा-बारा दिवस तुम्हाला जुन्या वेळांना भूक लागेल. घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक सवयीच्या जेवणवेळेच्या आधी वाढते आणि खाल्ले नाही तरी काही वेळाने उतरू लागते. नवी वेळ नियमित पाळली की त्याची लयही हळूहळू बदलते. म्हणून रोज वेगळी वेळ ठेवणे हे उपवासातील सर्वांत थकवणारे वर्तन आहे.

सुट्टीच्या दिवसांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून विचारते. समजा, आठवड्यातील पाच दिवस रोज ४०० कॅलरींची तूट पडली, तर ती २,००० होते. आणि उरलेल्या दोन दिवसांत रोज १,००० कॅलरी जास्त गेल्या, तर आठवड्याची बेरीज शून्य. दोन्ही दिवशी वेळेचे बंधन तंतोतंत पाळूनही हे घडू शकते. माझ्याकडे 'सगळे पाळूनही काटा हलत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचे उत्तर या दोन दिवसांत सापडले आहे. पुढचे दोन आठवडे, काहीही न बदलता, सातही दिवसांचे खाणे जसेच्या तसे लिहून काढा. कॅलरी मोजण्याची गरज नाही; वेळ, पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि खाण्याआधी भूक होती की नव्हती, एवढे पुरे.

वजन रोज करायचे असेल तर सकाळी, शौचानंतर, एकाच काट्यावर करा आणि आठवड्याच्या सरासरीकडेच पाहा. दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर मोजा. काटा स्थिर असताना घेर कमी होत असेल, तर तुम्ही थांबलेल्या नाही. आणि याच वहीत झोपेचे तास, संध्याकाळची मनःस्थिती व पाळीच्या तारखा लिहा. चिडचिड आणि मोडलेली झोप ही वजन कमी करण्यासाठी मोजायची किंमत आहे, असे अनेक जण गृहीत धरतात. मी त्यांना शरीराने दिलेली माहिती मानते, काट्यावरच्या आकड्याइतकीच महत्त्वाची. पाळी लांबू लागली, केस मुठीने गळू लागले किंवा खाण्याचेच विचार दिवसभर मनात घोळू लागले, तर उपवास त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

कॉफीतल्या दुधाबद्दल: काटेकोर अर्थाने कॅलरी पोटात गेली की उपवास मोडतो, आणि रक्ततपासणीसाठी उपाशी राहायचे असेल तेव्हा दूधच काय, काळी कॉफीही नको. वजनाच्या दृष्टीने मात्र दोन चमचे दुधाने काहीही बिघडत नाही. साखर, साय आणि दिवसातून चार कप अशी वाढ झाली, तर तो प्रश्न वेगळा. उपाशीपोटी कॉफीने छातीत जळजळ किंवा धडधड होत असेल, तर ती पहिल्या खाण्याबरोबर घ्या.

नोंदीचे ते दोन आठवडे संपले की वरचे बदल सुरू करा आणि त्यांना सहा आठवडे द्या, म्हणजे पाळीचे एक संपूर्ण चक्र त्यात मावेल. तुमच्या वजनाला आठवड्याला सरासरी ३०० ते ५०० ग्रॅम उतार हा चांगला वेग आहे. सहा आठवड्यांनी सरासरी वजन किंवा घेर खाली आलेला असेल आणि झोप सुधारली असेल, तर असेच चालू ठेवा. वजन हलले नाही पण झोप आणि संध्याकाळ सुधारली, तर वेळ तीच ठेवून ताटातील प्रमाणाकडे पाहू. तेव्हा दोन आठवड्यांची ती वही उपयोगी पडेल, ती येथे लिहा, मी वाचून उत्तर देईन. आणि दोन्हीही सुधारले नाही, तर घड्याळाचा हा नियम तुमच्या प्रकृतीला मानवत नाही असे समजून रात्रीचा १२ तासांचा साधा खंड ठेवा आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. मी स्वतः गेली काही वर्षे त्या १२ तासांवरच आहे.